डबे रिकामे करायचा दिवस

टोपलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले होते आणि सगळे कोंब खिडकीच्या बाजूला झुकले होते. कोंब उजेडाकडे वाकतात, त्यात नवल नाही. पण सगळेच्या सगळे एकाच दिशेला, याचा अर्थ ती टोपली बरेच दिवस कुणी हलवलीसुद्धा नव्हती. म्हणजे बाबा चहा आणि पावावरच भागवत होते.

"म्हणूनच म्हणते, आमच्याकडे राहायला चला," मी म्हणाले.

"बघू."

आई गेल्यापासून त्यांचं हेच उत्तर होतं. या वेळी मात्र मी त्याचा अर्थ 'हो' असा लावून मोकळी झाले होते. जागा सोडायची की नाही, ते बाबांनी आज घरमालकांना सांगायचं होतं; दुसरे भाडेकरू थांबले होते. नवऱ्यानं रिकामी खोकी आणली होती. सुरुवात स्वयंपाकघरापासून करायचं ठरलं.

"भरलेले डबे कशाला न्यायचे?" मी म्हणाले. "आतलं टाकून देऊ."

बाबा ताडकन उठले. "तुझ्या आईनं भरलेत ते. टाकायचे नाहीत, खाऊन रिकामे करायचे."

"आणि करणार कोण?"

"मी."

बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलं. स्वयंपाकघरात ते फक्त ताट वाढलंय का ते बघायला डोकावत. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

बाहेरच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. बाबांनी त्यावर धुतलेली चादर अंथरली आणि स्वयंपाकघरात हाताला लागलं ते आणून मांडलं: कणीक, कडक झालेला पाव, चीजचा शेवटचा तुकडा, कांदे, वाटीभर दही, तीळ, मूठभर अक्रोड, ते बटाटे. मग कमरेवर हात ठेवून ते टेबलाभोवती फिरले.

"आधी कापड बघायचं. शर्ट निघतो की टोपी, ते मग ठरवायचं."

"यातून फार तर रुमाल निघेल, बाबा," नवरा म्हणाला.

"जावईबापू, तुमचा लग्नातला कोट कशातून काढला होता, ते सांगू का आज?"

जावईबापू मुकाट्यानं कांदे सोलायला बसले.

मी कोंब आणि हिरवट भाग खोलवर काढून बटाटे उकडले. बटाटा, कांदा आणि चीजचं सारण पातळ झालं, तेव्हा बाबांनी कडक पाव किसून त्यात घातला. "अस्तर," ते म्हणाले. कणीक दह्यात भिजवली. तिची मोठी पोळी लाटून त्यांनी तिच्यावर सुरीच्या पाठीनं रेघा आखल्या आणि चक्क कात्रीनं चौकोन कापले. सारण भरून कडा दुमडल्या, पुन्हा दुमडल्या, चिमटे काढत नेले. टीप इतकी सरळ की मशीननं घातल्यासारखी.

तव्यावरून पहिला चौकोन उतरला, तो मधे खमंग आणि कडेला सपशेल कच्चा. मी कड मोडून पाहिली. आत कणकेचे चार पदर होते.

"बाबा, एवढं कशाला दुमडलंत?"

ते क्षणभर गोंधळले. "शिलाईला जागा सोडली. आणि थोडं आत ठेवलं... पुढं वाढवायचं झालं तर."

"हा वाढत्या अंगाचा बटाटा आहे का?"

नवरा हसता हसता खोकायला लागला. बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी कात्री उचलली आणि सगळ्या चौकोनांच्या कडा सरळ छाटून टाकल्या, टोकं नुसती दाबून घेतली. आता चौकोन नीट भाजले गेले. कतरणी मी गोळा करून कचऱ्याकडे निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"अगं, कतरण कधी टाकतात का?"

त्यांनी त्या तेलात सोडल्या, कुरकुरीत झाल्यावर साखर आणि कुटलेले अक्रोड भुरभुरले. चौकोन चांगले झाले होते. पण भांडणं झाली ती कतरणींवरून. शेवटच्या घाण्यापाशी बाबा झारा घेऊन उभे होते आणि शीळ घालत होते. ती शीळ मी आई असताना ऐकली होती. त्यानंतर आजच.

"उद्या रवा आणि वाटाणे काढतो," ते स्वतःशीच म्हणाले. "त्यातून काय निघतंय बघू."

"उद्या तुम्ही आमच्याकडे असाल," मी म्हणाले.

"तुझ्या स्वयंपाकघरात? तू पाणीसुद्धा मापून घालतेस. मला तिथं कात्री लावू देशील?"

 देईन, असं मला म्हणवेना. तेवढ्यात फोन वाजला. घरमालकांचा.

"कानाला धर गं जरा, माझे हात तेलकट आहेत."

मी धरला.

"नमस्कार. हो, मुलगी आलीय ना, जेवतोय सगळे." पुढचं ऐकताना त्यांची नजर माझ्यावर होती. मी फोन हलवला नाही. "नाही हो, त्या मंडळींना दुसरीकडे बघायला सांगा. मी कुठंही जात नाही. मी इथंच राहणार आहे."