उरलेली नळी

काम संपल्यावर मिस्त्रीच्या हातात एखादा बोल्ट उरला की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो आणि मिस्त्री हसतो. मीही हसायचो. चाकणच्या नाक्यावर माझं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि आबाजी मिस्त्री म्हटलं की खेडपासून भोसरीपर्यंत लोक मान डोलवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. ज्याला त्याला डिझेलचं वेड लागलं होतं. लढाईत आलेल्या अमेरिकन गाड्या लष्कराने लिलावात काढल्या, गावोगावच्या हौशी माणसांनी त्या घेतल्या, पण पेट्रोल अशा ढोसायच्या की मालकाच्या नाकी नऊ यायचे. डिझेल स्वस्त, शिवाय तेवढ्याच तेलात दुप्पट पल्ला. म्हणून जुनं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि मुंबईच्या भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन चढवायचं, असा धंदा सुरू झाला. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याला दोन ठिकाणी उभा राहून बघितलं, आणि यात काय मोठंसं, असं म्हणून मोकळा झालो.

कुरुळीचा मुरारी माझा पहिला बकरा. गिऱ्हाईक म्हणायला हवं, पण तो शब्द आता तोंडातून निघत नाही. चाकणच्या बाजारातला बटाटा-कांदा भरायचा आणि पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात नेऊन घालायचा, हे त्याचं काम. दीड टनी पिकअप होती. रोज सकाळी तो तिला विहिरीवर धुवायचा, तेव्हा त्याची बायको शालन म्हणायची, "मला कंदी असं न्हाऊ घातलंय का?" आणि तो खुशाल हसायचा.

आठ दिवस मी त्या गाडीवर घाम गाळला. लिंबाच्या फांदीला चेनपुली बांधून जुनं इंजिन उचललं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पट्टे वाढवले. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळेनात, तर चिंचवडला लेथवर जाड चकती कातून घेतली. सगळं बसलं. मग खाली एक रबरी नळी लोंबताना दिसली. जुन्या इंजिनाच्या कार्बुरेटरखाली ती जोडलेली होती. नव्या इंजिनावर तिच्यासाठी जागाच नव्हती.

"ही कशाची?" मुरारीने विचारलं.

"अमेरिकन लोकांना नळ्यांची हौस. जिथं तिथं नळ्या," मी म्हणालो. नळी दुमडली, तारेने आवळली आणि वर खोचून दिली. कशाची ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही हे दोन शब्द तेव्हा म्हणालो असतो तर मला काय झालं असतं?

इंजिन सुरू झालं तेव्हा नाक्यावरची माणसं गोळा झाली. मी रिकामी गाडी खेडच्या रस्त्याने मैलभर नेली, आणली, थांबवली. थांबली. मुरारीने पेढे वाटले.

चार दिवसांनी तो परत आला. "मिस्त्री, ब्रेक लई जड लागतोय. आधी नुसता पाय ठिवला तरी थांबायची."

मी ब्रेकचं तेल बघितलं, चाकं उघडून बघितली. सगळं ठीक. तेव्हा चहा पीत बसलेल्या चार जणांकडे बघून मी म्हणालो, "आरं, आता दारात हत्ती बांधलायस. शेरडागत कसा ऐकंल? भाकरी वाढव, पायात जोर येऊ दे." सगळे हसले. मुरारीही हसला आणि गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, वीस पोती बटाटा घेऊन तो चिंबळीचा उतार उतरत होता. खाली इंद्रायणीच्या पुलाअलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, बायका खडी पसरत होत्या. गाडी थांबली नाही. चऱ्होलीची रतनबाई आणि तिची जाऊ जागच्या जागी गेल्या. पुढे बाभळीला आदळून गाडी थांबली.

हवालदाराने मला बोलावणं धाडलं. पुण्याहून मोटार इन्स्पेक्टर यायला दोन दिवस लागणार होते आणि पंचनामा आजच हवा होता. मी पोहोचलो तेव्हा दोघींवर लुगडी पांघरली होती. बटाटे उतारभर पसरले होते. मुरारी रस्त्याच्या कडेला बसला होता, कपाळातून रक्त येत होतं, ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "दाबला हुता," एवढंच तो म्हणत होता. "आईशप्पत, दाबला हुता."

"आबाजीराव, ब्रेक बघा," हवालदार म्हणाला.

मी वर चढून पाय दिला. पायाखाली घट्ट लागला. तेल होतं, नळ्या शाबूत होत्या. "ब्रेक शाबूत आहे," मी सांगितलं, आणि या क्षणापर्यंत मी प्रामाणिक होतो. हवालदार लिहू लागला. कामात कसूर नको म्हणून मी गाडीखाली शिरलो.

ती दुमडलेली नळी तिथे होती. पहिल्यांदाच मी तिच्यावर बोट ठेवून मागे मागे गेलो. ती चासीला लटकलेल्या एका गोल डब्यात शिरत होती, आणि त्या डब्यातून निघालेला पाइप ब्रेककडे जात होता. मी उताणा पडून त्याच्याकडे बघत राहिलो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या नळीत ओढ तयार होते. ती ओढ त्या डब्यात जायची आणि माणसाच्या पायाला जोर द्यायची. डिझेल इंजिनात ती ओढ नसतेच. त्याला निराळा पंप लावावा लागतो. मी काही लावलं नव्हतं. रिकामी गाडी नुसत्या पायाने थांबली. वीस पोत्यांची गाडी उतारावर कुणाच्या पायाने थांबणार होती?

त्याने दाबला होता. जीव खाऊन दाबला असणार.

"मिस्त्री, सही," हवालदाराने हाक मारली.

मी बाहेर आलो, हात पुसले आणि सही केली. भीती वाटली, हे खरं कारण. तुरुंगाची वाटली, पण त्याहून जास्त नाक्यावरच्या त्या चार जणांची वाटली.

गाडी ओढून माझ्याच आवारात आणली. इन्स्पेक्टर यायच्या आत मी तो डबा आणि नळी काढून भंगारात टाकली आणि पाइप सरळ जोडून दिला. इन्स्पेक्टरला काही खोट दिसली नाही. आवारात डिझेल इंजिन बसवायला आलेल्या आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. मुंबईला माणूस पाठवून मी तिन्ही गाड्यांसाठी पंप आणवले. मालकांना म्हणालो, नवीन सुधारणा आहे. ते खूश झाले.

पाचव्या दिवशी शालन आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही.

"मिस्तरी, ह्ये म्हनत्यात दाबला हुता. वकील म्हनतो, ब्रेकात खोट निघाली तर सुटत्याल. तुमी गाडी खालवर बघितलीया. काय खोट हुती का? तुमी सांगाल त्ये मी मानीन."

"ब्रेक शाबूत होता, वैनी."

तिने मान हलवली. थोडा वेळ थांबली, मी आणखी काही बोलेन म्हणून असेल, आणि मग गेली.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, "ब्रेक वेळेवर दाबला असता तर गाडी थांबली असती?" मी शपथेवर सांगितलं, "थांबली असती." मुरारीने तेव्हा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काहीतरी नवीन कळल्यासारखं. निष्काळजीपणे गाडी चालवून दोन जीव घेतले म्हणून त्याला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्यानंतर माझं खाणं तुटलं. घास तोंडात फिरायचा. बायकोने अंगारे आणले, वैद्य आणला, काही उपयोग झाला नाही. आठव्या महिन्यात मी येरवड्याला गेलो. जाळीपलीकडे मुरारी उभा होता, डोकं भादरलेलं, खांदे पडलेले. मी वेळ न घालवता सगळं सांगून टाकलं. नळी, डबा, पंप, सही, शपथ, काही राखलं नाही. सांगताना मला रडू आलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मिस्त्री, शालनीनं धाडलं व्हय तुमाला?"

"कुणी धाडलं नाही. खरं सांगतोय."

"लई मोठ्या मनाचं हायसा तुमी. मला बरं वाटावं म्हनून सोताच्या डोस्क्यावर घेताय." त्याने जाळीला कपाळ टेकवलं. "पयले मला बी वाटायचं, दाबला हुता. पन कोर्टात तुमी सांगितलं तवा मला उमगलं. तुमी कशाला खोटं बोलाल? माझं ध्यान न्हवतं. पाय उशिरा पडला. त्या दोघी मी मारल्या, मिस्त्री. आता मान्य केलंया मी."

"खोटंच बोललो रे मी! ऐक जरा."

"नका," तो म्हणाला. "असं सोताला डाग लावून घिऊ नका. शालनीकडं तेवढं ध्यान ऱ्हाऊ द्या." शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा मुरारीने मला हात जोडले.

मी बाहेर आलो. मुरारीच्या वकिलाचं घर मला माहीत होतं. कोर्टाची कचेरी त्या वेळी उघडी होती. लेखी द्यायला कागदही कुठेही मिळाला असता. पण मी सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यानेच मानलं नव्हतं. आता मी आणखी काय करणार, असं मी स्वतःला म्हणालो, आणि मला इतकं हायसं वाटलं की पाय हलके झाले.

पुण्याच्या एसटी स्टँडसमोर खानावळ होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. मी आत जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो.