पहिला नंबर दोऱ्याचा

मास्तरांना ज्याची त्याची परीक्षा घ्यायची खोड. आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात गेलेलं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दातांच्या डॉक्टरणीने फटी साफ करायच्या तीन वस्तू सुचवल्या, तर यांनी तिन्ही विकत आणल्या आणि सुट्टीच्या सकाळी बेसिनसमोर ठाण मांडलं. आजवर त्यांचं काम काडेपेटीच्या काडीवर भागत आलं होतं.

पाण्याची पिचकारी मारणाऱ्या यंत्राने आधी आरसा भिजवला, मग बनियन. ‘नवशिकं आहे,’ असा शेरा मारून मास्तरांनी ते बाजूला ठेवलं. इवलासा ब्रश पुढच्या फटींत झकास फिरला, पण दाढांपाशी जाऊन वाकला. दोरा मात्र दोन बोटांना गुंडाळून सरकवला तसा थेट आत गेला. पहिला नंबर याचाच, असं ठरवून खुशीत त्यांनी तो बाहेर ओढला आणि काय निघालं ते बघायला नाकाजवळ नेला.

त्या वासाने त्यांनी तोंड फिरवून दोरा बेसिनमध्ये टाकला.

शिकाऊ मंडळी ऐन थंडीत गाडीची काच खाली का करतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मागच्याच महिन्यात एका मुलीला शिकता शिकता उलटी झाली होती. गाडी लागते तर शिकायला कशाला येता, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. ती पुन्हा फिरकली नाही. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. बाहेरच्यांनी नाक मुरडलं तर मुरडलं. बायकोलाही हे माहीत होतं का? ती इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपते, ती सवयीनेच, असं ते धरून चालले होते.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मास्तर दारातच थांबले आणि तोंडावर हात धरून त्यांनी विचारलं, “माझ्या तोंडाला वास येतो का गं?”

तिने मान वर केली नाही. “येतो.”

“मग कधी सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं की. लग्नानंतर लगेच. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत.” तिने पुढची शेंग उचलली. “मग म्हटलं, वास परवडला.”

मास्तरांचे कान लाजेने तापले. तो अबोला त्यांना आठवतसुद्धा नव्हता.