कुलूपबंद सोय

नगरपालिकेच्या खजिनदारांच्या हातून पैसा सुटायचा म्हणजे ठेकेदारांच्या नाकी नऊ येत. ठेकेदार तसं उघड बोलूनही दाखवत, आणि ते कानावर आलं की खजिनदारांचा दिवस आनंदात जाई. त्यांच्या खोलीत दोन पंखे होते, त्यातला एक चालू असे. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरली जात. पेन्सिल बोटांत मावेनाशी झाली की तिला जुन्या पेनाचं टोपण लावून आणखी महिनाभर कामाला जुंपलं जाई. ऑफिसातला चहा मात्र ते स्वतःच्या खिशातून पाजत, आणि तोही बरा असे, हे सांगायलाच हवं.

कारण माणूस कंजूष नव्हता, भाविक होता. दर रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर त्यांची जागा ठरलेली. त्यांचं म्हणणं असं, की स्वतःचा पैसासुद्धा मुळात देवाचा, मग लोकांचा पैसा तर दुप्पट देवाचा. त्यात अंडीवालीच्या गाळ्याचं भाडं आहे, कुणा विधवेची घरपट्टी आहे. इथल्या ऑडिटमधून एक वेळ सुटू, पण वर एक ऑडिट आहे आणि तिथे व्हाउचर हरवलं म्हणून चालत नाही. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणारा नकळत स्वतःचे खिसे चाचपून बघे.

त्यांच्या बायकोचं बाजाराच्या तोंडाशीच बटणांचं दुकान होतं. बटणं, चेन, रिळं, इलॅस्टिक, लेस. सगळे तिला बटणकाकू म्हणत. बाजारात बसणाऱ्या बहुतेक बायकाच. शेजारी अंडीवाली, पलीकडे फुलवाली, मग भाजीवाल्यांची रांग. त्या बाजारात सुईपासून सायकलपर्यंत सगळं मिळे, फक्त बाईमाणसाला जायला जागा नव्हती. पुरुषांनी मागची भिंत कधीच आपली मानून टाकली होती. बायकांनी वेगळा उपाय काढला होता, त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. उन्हाच्या दिवसांत अंडीवाली एक घोट तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. फुलवाली फुलांवर पाणी मारायची आणि स्वतः कोरडी बसायची.

बटणकाकू रोज रात्री जेवताना नवऱ्यापुढे हा विषय काढी, आणि खजिनदार घास चावत म्हणत, बघू, तरतूद नाही. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी एकदा तरतूद झाली, कारण खजिनदारांनीच ती केली, आणि एकदा मनावर घेतल्यावर मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. ठेकेदाराच्या छातीवर बसून त्यांनी बायकांच्या स्वच्छतागृहाचं काम करून घेतलं. एकेक फरशी बोटाने वाजवून पाहिली. एक भिंत जराशी तिरकी गेली होती, ती पाडून पुन्हा बांधायला लावली. नळ चांगल्यातले, वर मोठी टाकी, खिडक्या उंच. बायकोचा शब्द आपण राखला, या विचाराने त्यांना घरी येताना शीळ घालावीशी वाटे. घालत नसत, पण वाटे.

उद्घाटनाला नगराध्यक्षाबाईंनी फीत कापली आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. असल्या इमारतीसाठी प्रार्थना करायची त्यांची पहिलीच वेळ. कुठून सुरुवात करावी ते न सुचल्यामुळे असेल, त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून केली. अंडीवाली या पायावरून त्या पायावर होत होती. ‘आमेन’ तिने सगळ्यांच्या आधी म्हटलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मग खजिनदारांनी खिशातून कोरं करकरीत कुलूप काढलं आणि दाराला लावलं.

यामागचं कारण ते कुणालाही शांतपणे समजावून सांगत. दुसऱ्या गावांतून अशा इमारतींचे काय हाल होतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नळ चोरीला जातात, दारांवर नको नको ते लिहिलं जातं, आणि लोकांचा पैसा महिन्याभरात मातीत. इथे तसं होणार नाही. किल्ली आपल्या टेबलाच्या खणात. जिला गरज असेल तिने नगरपालिकेचा जिना चढावा, किल्ली मागावी, जाऊन यावं, परत करावी. ऑफिसचं दार सगळ्यांना उघडं आहे. सफाईवालीचा पगार मंजूर झाला होता, पण घाणच होणार नसेल तर सफाईवाली कशाला, म्हणून ती जागा त्यांनी भरलीच नाही.

किल्ली मागायला कुणी आलं नाही. खजिनदारांना याचं कौतुक वाटलं. बायका किती समजूतदार आहेत, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा. बायकोने ताटात वाढणं पुरं केलं आणि ती आत निघून गेली. दर शनिवारी ते स्वतः कुलूप काढून आत डोकावत. नळ आरशासारखे, फरशा कोऱ्या. त्यांचा ऊर भरून येई. वर्षअखेरच्या सभेत त्यांनी सांगितलं, की इमारतीवर एक डाग नाही आणि सफाईचा सगळा पगार तिजोरीत जसाच्या तसा परत आला आहे. सभासदांनी बाकं वाजवली. नगराध्यक्षाबाईंनी तेवढं विचारलं, की कुणी वापरतं का. मागणी अजून आलेली नाही, असं खजिनदार म्हणाले.

रविवारी उपासना संपली की मोठ्यांचा बायबलचा वर्ग तेच घेत. त्या आठवड्यात मालकाची आणि तीन चाकरांची गोष्ट आली. मालक परगावी जाताना तिघांकडे पैसे सोपवून जातो. दोघे ते कामाला लावून वाढवतात, तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो आणि शेवटी मालकाच्या शिव्या खातो. या तिसऱ्याबद्दल खजिनदारांच्या मनात पहिल्यापासून हळवा कोपरा होता. मालक जरा तापट होता, असं त्यांचं प्रामाणिक मत. बिचाऱ्याने पैसा खाल्ला नाही, उडवला नाही, होता तसा आणून हातावर ठेवला. असा माणूस आज मिळाला तर मी त्याला मुलाखत न घेता हिशेब खात्यात घेईन, असं ते म्हणाले आणि वर्ग हसला.

मागच्या खुर्चीवरून पाळकसाहेबांनी विचारलं, “खजिनदारसाहेब, ते नाणं जमिनीत अगदी स्वच्छ राहिलं असेल, नाही का?”

अगदी, असं खजिनदार खुशीत म्हणाले. बायको तेवढ्यात कमरेवर हात ठेवून उठली आणि हळूहळू बाहेर गेली. चर्चचे बाक फार कडक आहेत, पण नवीन करायचे म्हणजे खर्च, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मंगळवारी बटणकाकूने भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. असं तिने कधी केलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत ती थडथड कापत होती. अंगात ताप, कमरेत कळा, उलट्या. खजिनदारांनी तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय, दाखल करावं लागेल, आणखी उशीर केला असतात तर कठीण होतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की दिवसभरात पाणी किती पिता.

“दुकान बंद केल्यावर पिते,” बटणकाकू म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. बाजारात तर नवीन बाथरूम झालंय ना, मी फोटो पाहिला होता, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी बायकोकडून नजर नवऱ्याकडे वळवली आणि सलाईन लावायला सांगून त्या निघून गेल्या.

खजिनदार स्टूल खाटेजवळ ओढून बसले. “अगं, किल्ली मागायची होतीस. मी काय नाही म्हणालो असतो?”

“तुमच्या खोलीत चार पुरुष बसतात,” ती म्हणाली. तापाने आवाज बारीक झाला होता, पण शब्द एकेक करून येत होते. “त्यांच्यासमोर हात पुढे करून सांगू, की मला जायचंय? आणि मी निदान तुमची बायको. त्या अंडीवालीने काय तोंडाने मागावं? जिना चढेपर्यंत अंडी कुणी बघायची?”

“मग मला सांगायचंस तरी.”

“इतकी वर्षं जेवताना मी काय सांगत होते?”

ती झोपली. खजिनदार खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. ते घाबरले होते, आणि त्यांना लाज वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते त्यांना स्वतःलाच कळेना. ही बाई गेली असती तर, हा विचार ते सुरू करत आणि अर्ध्यावर सोडून देत. संध्याकाळी पाळकसाहेब भेटायला आले. खजिनदारांनी त्यांना बाहेर गाठलं आणि गाऱ्हाणंच घातलं, की साहेब, मी लोकांचा एक पैसा वाया घालवला नाही हो.

“नाहीच घालवला,” पाळकसाहेब म्हणाले. “पण देवाला काय, पैसे साठवायला जागा नव्हती म्हणून त्याने तुमच्याकडे ठेवले? ते त्या बायकांसाठी होते. तुमच्या हातून पुढे जायचे होते. तुम्ही मध्येच चांगले घट्ट धरून बसलात.” आणि खजिनदारांचा चेहरा पार उतरलेला पाहून ते म्हणाले, की चला, तिच्यासाठी प्रार्थना करू. या वेळची प्रार्थना अगदी छोटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघालं. त्या आठवड्याच्या सभेत खजिनदारांनी सफाईवालीची जागा ताबडतोब भरायची मागणी केली. सभासद एकमेकांकडे बघत राहिले, कारण या माणसाच्या तोंडून खर्चाची मागणी त्यांनी कधी ऐकली नव्हती. जागा भरायला मात्र वेळ लागणार होता. जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखत, तीन सह्या, हे सगळे नियम पैसा जपून वापरला जावा म्हणून खजिनदारांनीच घालून दिलेले होते. तोवर साफ कोण करणार, असं नगराध्यक्षाबाईंनी विचारलं. मी, असं खजिनदार म्हणाले. बाईंना खोकला आला.

त्यांनी स्वतःच्या पैशाने बादली, ब्रश आणि रबरी बूट घेतले. पहिल्या दिवशी ते उजाडताच गेले, बाजार भरायच्या आत सगळं धुऊन काढलं आणि घरी आले. काम उत्तम झालं होतं. तरी काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय, याच्या फार खोलात ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना निघायला जरा उशीर झाला, तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याभरात ते ऐन गर्दीच्या वेळी, बाह्या सरसावून, बादली हातात घेऊन भाजीवाल्यांच्या पूर्ण रांगेसमोरून जाऊ लागले. जाताना ते कुणाकडे बघत नसत. बघितलं तर नम्रपणा राहत नाही, असं त्यांना वाटे.

बटणकाकू बरी होऊन पहिल्यांदा दुकानात आली त्या दिवशीही ते आत होते. आत पुरुष असताना कुणी बाईने येऊ नये म्हणून ते मुख्य दाराला आतून कडी घालत. गुडघ्यांवर बसून ते फरशी घासत होते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आठवून त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरात त्यांनी स्वच्छ असलेली फरशीही पुन्हा घासायला घेतली. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग फुलवालीचा आवाज आला, की काका, चकचकीत झालं असेल हो आता. एक कोपरा राहिलाय बाई, झालंच, असं ते आतून म्हणाले. कोपरा झाला. मग त्यांना नळांच्या मागची बाजू दिसली. बाहेर कुजबुज वाढत होती. लोकांना अप्रूप वाटतंय, असं समजून त्यांनी हात आणखी जोरात चालवला.

दारावर थाप पडली.

“अहो,” बटणकाकूचा आवाज. “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सकाळपासून बाटलीभर पाणी प्यायलेय मी. तुमची सेवा झाली असेल तर बाहेर या. आम्हाला जायचंय.”

बाहेर बायका फिदीफिदी हसल्या. खजिनदारांनी वर पाहिलं. दार बंद होतं, कडी त्यांनीच घातलेली होती, आणि बाहेर त्या सगळ्या पूर्वीसारख्याच ताटकळत उभ्या होत्या. त्यांचे कान तापले. नळांची मागची बाजू तशीच टाकून ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

बटणकाकूने पर्स आणि दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या हातात कोंबल्या आणि ती आत गेली. त्यांना बाजूला व्हायचं होतं, पण मागून अंडीवाली आली आणि तिने टोपलीच त्यांच्यापुढे धरली. “काका, एवढी धरा. हलू नका, वरची मोकळी आहेत.” फुलवालीने हारांची परडी त्यांच्या दंडावर अडकवली. बादली पायाशी राहिली, ब्रश काखेत, आणि नगरपालिकेचे खजिनदार रबरी बूट घालून, अंडी छातीशी धरून, श्वाससुद्धा बेताने घेत भर बाजारात उभे राहिले. समोरून पाळकसाहेब गेले. त्यांना नमस्कार करायला हात मोकळा नव्हता, आणि खरं सांगायचं तर खजिनदारांनी त्यांना पाहिलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष अंड्यांवर होतं.

आत बायका बोलत होत्या, त्यात बटणकाकूचं हसणं त्यांना वेगळं ऐकू आलं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती. मग एक नळ सुटला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. पाणी चांगलं धो धो वाहत होतं, आणि नळ बंद करा हे शब्द त्यांच्या मनातही आले नाहीत.