आधी मोठ्या माणसाचा पाय

किसनरावांच्या दोन्ही तळपायांना दिवाळीपासून काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरा मेहकरचा डॉक्टर. साखरेनं पायाच्या नसा गेल्या, आता गाडी बंद, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. घरी येऊन किसनरावांनी बायकोला सांगितलं की डॉक्टर म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला. सिंधूताईंनी लगेच विश्वास ठेवला. माणूस जन्मभर खरं बोलला की त्याचं पहिलं खोटं असं आरामात खपतं.

एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, रस्त्यात एक कोंबडीसुद्धा मारली नाही. निवृत्तीनंतर पांढरी व्हॅन घेतली आणि जानेफळची चौदा पोरं मेहकरच्या शाळेत नेऊ-आणू लागले. पाय बधिर झाल्यावर त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. ब्रेक दाबण्याआधी डोळा खाली टाकायचा, आणि जोर किती लागला ते मांडीवरून ओळखायचं. रोज संध्याकाळी शेवटचं पोर उतरलं की ते स्वतःशी म्हणत, जमतंय की. भल्या माणसाला स्वतःला फसवायचं झालं तर तो फार मेहनत घेतो.

त्या रविवारी सगळे उनझरीला निघाले. जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा लागतो, तिथे छोटा घाट चढून गेलं की हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सिंधूताईंना गुडघे शेकायचे होते. सून मंजुश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तिला महिन्यात एकच रविवार मोकळा मिळे. मुलगा धम्मरत्न पुण्याला नोकरीत. त्याची पाच वर्षांची पारमी पुढच्या सीटच्या पाठीला लोंबकळून सारखी विचारत होती, "आबा, पाणी आपोआप कसं तापते?"

घाटाच्या तिसऱ्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. किसनरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरत पुढे उसळली. पाय अर्धा ब्रेकवर, अर्धा ॲक्सिलरेटरवर. त्यांनी खाली पाहिलं, पाय सरकवला, कचकन दाबला. ट्रॅक्टरचं मडगार्ड आरशाला घासून गेलं.

"गिअर अडकला," ते म्हणाले.

सिंधूताई ट्रॅक्टरवाल्याला नावं ठेवू लागल्या. मंजुश्री मात्र पुढचा सगळा घाट रस्त्याकडे न बघता सासऱ्याच्या पायाकडे बघत होती, आणि ते किसनरावांना कळत होतं.

उनझरीत रविवारची गर्दी होती. चिखल बुडबुडतो त्या कठड्यापाशी लोक फोटो काढत होते. कलीम नावाचा पन्नाशीचा माणूस जाळीच्या पिशवीत अंडी घालून उकळत्या झऱ्यात सोडी आणि दहा मिनिटांत उकडून देई. पारमीने दोन खाल्ली. मंजुश्री हसली नाही, तिने फोटोही काढला नाही. किसनराव मुद्दाम ताठ चालत होते, आणि चालताना पाय कुठे पडतो ते चोरून बघत होते.

अंघोळीचं कुंड झऱ्याच्या खालच्या अंगाला. वरून कढत पाणी पाटाने यायचं, बाजूच्या नळाने विहिरीचं गार पाणी, आणि दोन्ही मिळून अंगाला सोसेल असं व्हायचं. काठावर एक दोन कुटुंबं बसली होती, पण पाण्यात कोणी उतरलं नव्हतं.

कलीमने अंडी देता देता कुंडाची रीत सांगितली होती. "इथं हात नाही घालत, काका. हाताले वारं लागलेलं राह्यते, हात खोटं सांगते. घरातलं मोठं माणूस आधी पाय घालते. त्यानं ये म्हटलं की मंग सगळ्यात लहान लेकरू."

नेमकी अर्ध्या तासापूर्वी लाईट गेली होती. विहिरीची मोटर बंद, नळ कोरडा, आणि वरचा कढत पाट मात्र चालूच. किसनरावांनी नळाकडे पाहिलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष पाठीमागे उभ्या असलेल्या सुनेकडे होतं.

ते काठावर बसले, बूट काढला, आणि उजवा पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला.

काहीच नाही. ना ऊन, ना गार. हात घालून बघावं असं त्यांच्या मनात आलं. खरंच आलं. पण मंजुश्री बघत होती. हात घातला की ती विचारणार, मामाजी, पायाने कळलं नाही का? आणि मग घाट निघणार, डॉक्टर निघणार, व्हॅन जाणार. बाकीचे लोकही त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरने त्यांना पाहिजे तसा चेहरा केला.

"कोमट हाय," किसनराव म्हणाले. "ये, पारमी."

पोरगी वाट बघतच होती. तिने फ्रॉक वर धरला. तेवढ्यात किसनरावांची नजर खाली गेली. पाण्यातला पाय लालबुंद झाला होता आणि अंगठ्याची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सुटत होती. पारमीने उडी टाकली होती.

त्यांनी आडवं अंग फेकून तिचा दंड पकडला आणि तिला घेऊन दगडावर आदळले. तिची एक टाच तेवढी पाण्याला लागली.

पारमीने अशी किंकाळी फोडली की चिखलाच्या कठड्यावरचे लोक वळून पळत आले. कलीम पाण्याचा माठ घेऊन धावला, तिची टाच त्याने गार पाण्यात धरली. टाच लाल झाली होती, फोड आला नव्हता. नातीला कुशीत घेऊन सिंधूताई नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांना त्याचा पाय दिसला.

"अहो," त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमाले दुखून नाही राह्यलं?"

टाच लागली तर पोर अर्धा डोंगर हादरवत होतं, आणि ज्याचा पाय सोलून निघाला तो माणूस गप्प बसला होता. आता कोणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. तरी मंजुश्री खाली बसली. तिने केसांतली पिन काढली, सासऱ्याचा दुसरा, कोरडा पाय मांडीवर घेतला आणि पिन तळव्यात टोचली. रक्ताचा ठिपका आला.

"मामाजी, मी काय केलं आत्ता?"

किसनराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "काय केलं?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"घाटात गिअर नव्हता अडकला."

"नाही."

"अन् सोमवार ते शनिवार पोरं?"

मंजुश्री रडू लागली. तिला राग इतका आला होता की शब्द सापडत नव्हते, आणि ज्या माणसाने मुलीसारखं वागवलं त्याच्यावर हा राग काढायचा कसा, हेही कळत नव्हतं.

गाडी कलीमने खाली आणली. किसनराव मागच्या सीटवर, पाय ओल्या टॉवेलात गुंडाळून. आधी जळगाव जामोदच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं. पारमी आईच्या खांद्यावर हुंदके देत झोपली. वळणावर वळण जात होतं.

"उद्याचं पोरांच्या घरी काय सांगता?" शेवटी सिंधूताईंनी विचारलं.

"पाय भाजला म्हणून सांगतो."

सांगितलं तर ते खोटंही नव्हतं. भाजलेला पाय महिन्याभरात बरा होतो, मग लोक काही विचारत नाहीत. हा विचार त्यांच्या मनात किती पटकन येऊन बसला, याची त्यांनाच भीती वाटली. मंजुश्रीने मान वळवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत समोर बघू लागली.

त्यांनी अलीजाला फोन लावला. तिचा अरसलान चौदा पोरांत सगळ्यात धाकटा, पहिलीतला. पाय भाजला हे ऐकून ती हळहळली.

"आराम करा, काका. महिना लागो की दोन. अरसलानले मी दुसऱ्या कोणाच्या गाडीत नाही बसवत, घरीच ठेवतो. तुमची गाडी हाय म्हणून तर मी दारातसुद्धा उभी राहत नाही, हॉर्न वाजला की सोडून देतो."

किसनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अलीजा, ऐक. पाय आज भाजला. पण तो दिवाळीपासूनच मेलेला हाय. माह्या पायाले ब्रेक कळत नाही. डॉक्टरनं गाडी बंद कर म्हटलं होतं, मी कोणाले सांगितलं नाही."

तिकडे मागे कुठे तरी अरसलान 'अम्मी, कोण हाय' असं विचारताना ऐकू आला.

"काका," अलीजा म्हणाली, "तवापासून रोज नेत होते?"

"हाव. रोज."