दवाखान्याच्या दारातला पूल

साल सत्त्याण्णव. बेलापूरच्या एका ऑफिसात नकाशाचं सॉफ्टवेअर आलं आणि तिथले इंजिनियर रावसाहेब यांना आभाळ ठेंगणं झालं. पोलिसांकडच्या अपघातांच्या नोंदी कॉम्प्युटरला भरवायच्या, नकाशावर लाल ठिपके उमटवायचे, आणि जिथे ठिपक्यांची दाटी तिथे पादचारी पूल बांधायचा. पूल एकच मंजूर होता. ठिपके घालायला बसवली करावे गावच्या सुनयनाला. कंत्राटावरची पोर, पण डोकं तल्लख.

तिचा बाप कान्हा करावे फाट्यावर कंटेनरखाली आला होता. गाव एकीकडे, बाजार पलीकडे आणि मधून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर सुसाट. आई चांगुणाबाई अजूनही म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायला तिथूनच रस्ता ओलांडायची. पूल फाट्यावर व्हावा, एवढंच सुनयनाला हवं होतं. नोकरी धरली तीही त्यासाठीच. आईने तर गावभर सांगून टाकलं होतं, "माजी पोर पूल आनतंय!"

ठिपके उमटले आणि सुनयनाने आधी फाटा शोधला. सगळी दाटी सरकारी दवाखान्याच्या दारात! फाटा कोरा करकरीत. अहो, दवाखान्याच्या दारात कोण मरतंय गाडीखाली? तिथे रिक्षासुद्धा रांगत जाते.

घोळ तिला लगेच कळला. करावेकरांची रीतच आहे, माणूस रस्त्यावर टाकायचा नाही. धुगधुगी असो नसो, उचलायचा, टेम्पोत घालायचा आणि दवाखाना गाठायचा. मग तिथला हवालदार नोंद करणार, आणि ठिकाण म्हणून आपण उभे आहोत तेच लिहिणार. गावाने माणुसकी केली आणि नकाशावरून गावच पुसलं गेलं. याला काय म्हणावं?

सुनयना घरोघर फिरली. कोण कुठे पडला ते विचारलं आणि ठिपके फाट्यावर आणून ठेवले. रावसाहेबांनी पाहिलं मात्र, त्यांचा पारा चढला.

"हा काय चावटपणा आहे?"

"सर, माणसं फाट्यावर पडलीत. माझे वडीलसुद्धा."

"म्हणजे पोलिसांचा रेकॉर्ड खोटा आणि तुमच्या गावातल्या बाया खऱ्या? नकाशा वर जाऊन आलाय, बाई. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली माझी. आता मी काय सांगू, चुकलं म्हणून?" मग ते एकदम मऊ झाले. "तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?"

मेल्याला धमकीसुद्धा गोडच सुचायची.

सुनयनाने ठिपके परत नेले. बापाचा सगळ्यात शेवटी नेला. स्वतःची लाज वाटली, रडूही आलं. पण आईने आणखी किती वर्षं पाटी वाहायची, हाही विचार होताच. घरी ती काही बोलली नाही. बोलायचं तरी कुठल्या तोंडाने?

भूमिपूजनाला गर्दी हवी म्हणून करावेच्या बायांना टेम्पोने आणवलं. चांगुणाबाई नथ घालून, नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे. टेम्पो फाट्यावर थांबलाच नाही. दवाखान्याच्या दारात मांडवासमोर उभा राहिला. आई उतरली, इकडेतिकडे पाहिलं आणि मांडवात नकाशा घेऊन उभ्या असलेल्या लेकीजवळ आली.

"इथं कोन मेलाय गो?"

"नकाशात आपले बाबा इथंच मेलेत, आये."

"नकाशा कोनी केलाय?"

"मी."

आई म्हणाली, "फाट्यावर पडला तुजा बापूस. टेम्पोत माज्या मांडीवर जीव सोडला त्यानं. तुला म्हाईत हाय ना सगला?"

सुनयनाने मान डोलावली. तिकडे रावसाहेबांनी कुदळ मारली, टाळ्या पडल्या. आई टेम्पोत बसली नाही. ऊन डोक्यावर घेत फाट्याच्या दिशेने चालू लागली. सुनयना मागोमाग धावली, तेवढ्यात नकाशा दाखवायला रावसाहेबांनी तिला हाक मारली.

आई वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "जा. तुजा साहेब बोलावतंय."