रोजचे दोनशे

हर्षालीने घामेजलेले तळवे शॉर्ट्सला पुसले आणि बास्केटबॉलच्या रिंगच्या डाव्या बाजूची जागा धरली.

समोर फ्री थ्रोच्या रेषेवर वेदिका बॉल आपटत होती. हर्षालीचं सिन्नर एका गुणाने पुढे, चार सेकंद उरलेले, आणि हा शेवटचा थ्रो. चुकला की ट्रॉफी सिन्नरची. पण ट्रॉफीचं कुणाला पडलंय? हर्षालीला उट्टं काढायचं होतं.

दोन वर्षं ती सिन्नरहून पहिली एसटी पकडून गंगापूर रोडच्या क्लबात यायची. तिथे आल्हाद सरांनी तिला एकच काम लावून दिलं होतं. नेम वेदिकाने धरायचा आणि रिंगखाली उभं राहून बॉल हर्षालीने झेलायचे. रोज दोनशे.

"आधी पाठ लाव, जागा अडव, मग उडी," सर सांगायचे. "आणि बॉल हातात आला की लगेच वेदिकाकडे. बघत बसायचं नाही."

एवढं करून संघाच्या यादीत तिचं नाव नव्हतंच.

"तू बॉल मस्त आणून देतेस गं," सर हसत म्हणाले होते. "पण मॅच खेळणं वेगळं."

त्या दिवशी घरी येऊन तिने क्लबचा टीशर्ट फरशी पुसायला काढला आणि सिन्नरच्या संघात नाव घातलं. ते हसू तिला त्यांच्याच तोंडावरून पुसायचं होतं.

आता समोर क्लबचाच संघ होता आणि सर मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. हर्षालीने त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. दमली की वेदिकाचा बॉल रिंगच्या डाव्या कडेवर आपटतो आणि डावीकडेच पडतो, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं.

वेदिकाने बॉल सोडला. डावी कड. हर्षालीने गुडघे वाकवले, शेजारच्या पोरीला पाठीने बाहेर रेटलं, उडी घेतली आणि दोन्ही हातांनी बॉल हनुवटीखाली ओढला.

"धरून ठेव, हर्षे!" सिन्नरच्या पोरी ओरडल्या.

पाय जमिनीला टेकले तेव्हा तिचे हात रिकामे होते. बॉल छातीच्या उंचीवरून सरळ वेदिकाकडे निघाला होता. वेदिकाचे हात रोजच्यासारखे तयारच होते. तिनेही विचार न करता झेलला आणि मारला.

या वेळी नेम चुकला नाही. दोन गुण.

जाळीतून खाली आलेला बॉल हर्षालीने झेलला. तो परत द्यायला हात पुढे केले, तेवढ्यात शेवटची शिट्टी वाजली.