मोहाखालचे साक्षीदार

मल्लिनाथ अप्पांच्या टेबलावर आलेला वनहक्काचा दावा फार दिवस पडून राहत नसे. 'पुराव्याअभावी अमान्य' हा शेरा ते इतक्या वळणदार अक्षरात लिहीत, की तो वाचून अर्जदारालाही बरं वाटत असावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. माणूस सरळ. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पिणारा. फक्त ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे काहीच नाही, हा समज त्यांना नोकरीसोबत लागला होता.

सरजाबाई आत्रामांच्या दाव्यावर मात्र ग्रामसभा अडून बसली. फेटाळायचंच असेल तर आधी जागा बघून जा, म्हणाली. अप्पा कुरकुरत हिमायतनगरहून जीपनं निघाले. सोबत ग्रामसेवक सुगत.

गोंडांची दहा-बारा घरं आणि पलीकडे सरजाबाईंचं ज्वारीचं शेत. हक्क मान्य झाला नाही तर त्या जागी सागवानाची लागवड ठरलेली होती. अप्पांनी पावत्या मागितल्या, मोजणीचा नकाशा मागितला. काहीच निघालं नाही. मग समाधानानं ते बांधावरच्या मोहाखाली एका चपट्या दगडावर टेकले आणि डबा उघडला.

सरजाबाई जवळ आल्या. मग अदबीनं म्हणाल्या, "साहेब, उठताव का जरा? तुम्ही माझ्या सासऱ्यावर बसून राहिलाव."

अप्पा भाकरीसकट उठले. अप्पा लिंगायत, त्यांच्यातही मेलेल्याला पुरतात; पुरलेल्या माणसाची जागा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बघतात तर मोहाखाली तसले आणखी दगड. सासू, आजेसासरा, चुलत सासरा. सरजाबाईंनी एकेकाची ओळख करून दिली.

पण अंगातला साहेब अजून उठला नव्हता. दगड काय, कुणीही रोवील, ते म्हणाले. सरकार जमीन देतंय, मग खातरजमा नको?

सुगत हसला. "अप्पा, औशाला तुमच्या शेतात वडिलांची समाधी हाय. कागद हाय का तिचा?"

"कागद कशाला? सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मग हितं गाव न्हाई का? नियमात दफनाची जागा पुरावा म्हणून लिहिलीय, म्हाताऱ्यांचा जबाबबी. अन् सरकार काही देऊन न्हाई राहिलं. हक्क त्यांचाच हाय. आपण फक्त 'हाव, त्यांचाच' म्हणायचं, तेवढंबी जमत न्हाई आपल्याला."

अप्पांनी डबा झाकला आणि गावातले म्हातारे बोलावले. दोघं आले आणि सरजाबाईंचा सासरा आधी गेला की सासू, यावरून त्यांची जुंपली. अप्पांनी ते भांडणही जबाबात उतरवलं. शिकवलेले साक्षीदार इतक्या मोकळेपणानं भांडत नाहीत, एवढा अनुभव त्यांना होता.

वरच्या समितीनं सरजाबाईंचा हक्क मान्य केला. सागवान दुसरीकडे गेलं, ज्वारी जागेवर राहिली. अप्पांनी आधी फेटाळलेले दावेही फेरतपासणीसाठी आपणहून वर पाठवले. कार्यालयात काहींना वाटलं, त्यांची बदली जवळ आली असावी.

नागरिकहो, जंगलात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यांना सरकार काही बहाल करत नाही. ते आधीपासून तिथं आहेत; सरकार मागाहून आलं. आणि मागाहून आलेल्यानं घरच्यांना ओळख विचारायची नसते, आधी आपली द्यायची असते.